परक्या फौजेत मेलेला शिपाई घरी कसा येतो?

जळगाव जिल्ह्यात सावद्याला आमच्या मामांचं केळी ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, पत्र्याचं शेड, एक टेबल, भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं आणि बिल्ट्यांची, म्हणजे मालाच्या पावत्यांची, पुस्तकं. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामा पेपर पसरून बसले होते. रशियाच्या सैन्यात गेलेल्या एका भारतीय तरुणाचं पार्थिव कित्येक महिन्यांनी गावी पोचल्याची बातमी होती. चष्मा कपाळावर सरकवून मामा म्हणाले, "तो त्याहीच्या फौजीत मेला ना भो, मंग आपलं सरकार त्याले काहाले आनीन?"

प्रश्न नुसता गप्पांचा नव्हता. त्यांच्या साडूंच्या मुलाला कुण्या एजंटाचा फोन येऊन गेला होता. काम 'हेल्पर'चं, पगार भरघोस, लढाईचं नावच नाही. पोरगा तीन वर्षं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतोय, दोन भरत्या थोडक्यात हुकल्या. अशा मुलाला फोनवरचा माणूस देवच वाटतो.

मामांना तेव्हा मी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतो. आपल्या भागात याची चर्चा होते ती एक तर कुणाचं तरी पार्थिव येतं तेव्हा, नाही तर ते येत नाही तेव्हा. त्या घडीला कुणाला काही समजावून सांगायची सोय नसते.

प्रेत कुणाचं, इथून सुरुवात

घरात म्हातारं माणूस गेलं तर हा प्रश्नच पडत नाही. भाऊबंद जमतात, तिरडी बांधतात, दहाव्याचा दिवस ठरतो. सैनिकाचं वेगळं आहे. त्याच्यावर दोन हक्क असतात, एक ज्या फौजेत तो होता त्या सरकारचा आणि दुसरा घराचा. तो मूळचा दुसऱ्या देशातला असेल तर तिसरा हक्क येतो, त्याच्या जन्मदेशाचा. सात-बाऱ्यावर तीन नावं असली की तलाठ्याकडे जे होतं, तेच इथे होतं. तिघांच्या सह्या जुळल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

सरकारी कागदांत या कामाला 'पार्थिवाचे प्रत्यावर्तन' म्हणतात. म्हणजे मृतदेह किंवा अस्थी मूळ ठिकाणी परत नेणं. यापुढे मी 'परत आणणं' एवढंच म्हणेन. दुसरा शब्द 'निकटतम आप्त', म्हणजे ज्याच्या सहीने देहाचा निर्णय होतो तो नातलग, बहुतेक वेळा बायको किंवा आईबाप. एवढे दोन शब्द लक्षात राहिले तरी पुरे.

शंभर वर्षांपूर्वी साहेबाने सरळ बंदी घातली होती

पहिल्या महायुद्धात सुरुवातीला पैसेवाल्या इंग्रज घराण्यांनी आपापल्या मुलांची प्रेतं फ्रान्सहून घरी आणली. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू लाव्हंटी गावाजवळ मारला गेला, तोही वरून हुकूम आणून वेल्समध्ये घरच्या गावी नेला. लोकांच्या नजरेत ते आलं. खाणकामगाराचा पोरगा तिकडे चिखलात आणि पंतप्रधानांचा नातू घरच्या चर्चच्या आवारात, हे कसं चालेल? त्याच वर्षी बंदी आली. जो जिथे पडला तिथेच त्याला पुरायचं, मग तो लॉर्ड असो की हमाल. पुढे १९१७ मध्ये शाही युद्धकबर आयोग स्थापन झाला (१९६० पासून तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो). त्याने हाच नियम धरला: दगड सगळ्यांचे सारखे, हुद्दा कोणताही असो.

मला हा नियम अर्धा पटतो. निदान श्रीमंताच्या मुलाला वेगळा न्याय नाही. पण 'सगळे सारखे' हे वाक्य कुठपर्यंत खरं होतं, ते आपल्या माणसांच्या बाबतीत पाहायला हवं.

त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मेले. ते परदेशात स्थायिक झालेले नव्हते, पण लढले ते परक्या राजासाठी आणि परक्या मुलखात. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे १९२७ मध्ये त्यांचं स्मारक झालं, त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. ज्यांची कबर माहीत नाही अशांची ती नावं. इंग्लंडात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली, नावही 'छत्री'च.

आता बसरा. इराकमधल्या आघाडीवर, तुर्कांनी घातलेल्या कुत शहराच्या वेढ्यात, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज उपाशीपोटी शरण गेली आणि पुढे कैदेत असंख्य मेले. त्या आघाडीवर कबर न सापडलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणीप्रमाणे नुसते आकडे लिहिले. नाव नाही, गाव नाही. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. निदान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नोंद नावाने झालीच नाही, काहींची तर कसलीच नाही, असं त्यात कबूल केलं होतं. त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे. आयोगाने माफी मागितली, शंभर वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धातही देह परत आले नाहीत. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर कुठेच नाही. नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. पदक गावी आलं, माणूस तिकडेच राहिला.

अमेरिकेने घरच्यांना विचारलं, आणि तिथे 'घर' शब्द अडकला

अमेरिकेने वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक कुटुंबाला पत्र गेलं: तुमच्या माणसाचं काय करायचं? सुमारे ४६ हजार देह अमेरिकेत परत गेले, सुमारे ३० हजार युरोपातल्या लष्करी दफनभूमीत राहिले.

पण त्या फौजेत साधारण १८ टक्के लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. इटलीहून, पोलंडहून, नॉर्वेहून पोटासाठी गेलेले, कोळशाच्या खाणीत राबता राबता भरती झालेले. अशा माणसाची आई अमेरिकेत नसायचीच. ती सिसिलीच्या एखाद्या खेड्यात असायची. तिच्या दृष्टीने पोराला 'घरी' आणणं म्हणजे न्यूयॉर्कला आणणं नव्हे. म्हणून जन्मदेशी पाठवण्याचीही सोय ठेवली गेली आणि काहीशे देह त्या रस्त्याने गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर छापील फॉर्ममध्ये चार पर्यायच होते: परदेशातली अमेरिकन लष्करी दफनभूमी, अमेरिकेतली राष्ट्रीय दफनभूमी, गावातली खासगी दफनभूमी, किंवा मृताचा अथवा त्याच्या नातलगाचा मूळ देश. तेव्हा सुमारे १ लाख ७१ हजार देह परत गेले. ऑक्टोबर १९४७ मध्ये एकच जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं, त्यात ६,२४८ शवपेट्या होत्या.

हा चौथा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. गेलेल्या माणसाचं घर कोणतं हे सरकारने ठरवलं नाही, विचारलं. आपल्याकडे सुरतेच्या लूमवर किंवा भिवंडीत आयुष्य काढलेल्या माणसाचाही शेवटचा हट्ट असतो, "मला गावी न्या." सुरत त्याला पोसते, पण अग्नी हवा गावच्या तापीकाठी किंवा नाल्याकाठी. स्थलांतरित माणसाचं घर त्याच्या आधारकार्डावर असतंच असं नाही.

घरी पोचला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. फेलिक्स लाँगोरिया हा टेक्सासमधला मेक्सिकन वंशाचा शिपाई १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. देह परत यायची वेळ आली तेव्हा गावातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानदाराने आपली प्रार्थनेची खोली द्यायला नकार दिला. गोऱ्यांना आवडणार नाही, हे कारण. बोभाटा झाला. सिनेटर लिंडन जॉन्सन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी मध्ये पडून फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळवून दिली. वाचून नवल वाटलं असेल, तर आपल्याच तालुक्यातल्या गावांमध्ये स्मशानं किती आहेत आणि कुणाची कोणती, ते आठवून बघा.

ओळख पटते कशी? बिल्टीसारखी

इथे मामांचं लक्ष एकदम जागं झालं, कारण ही त्यांच्या धंद्याची गोष्ट.

केळीची गाडी दिल्लीला निघते तेव्हा बिल्टीची एक प्रत मालाबरोबर जाते, दुसरी ऑफिसात राहते. वाटेत काही झालं तर दोन्ही जुळवून माल कुणाचा ते कळतं. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्याचं तसंच आहे. त्यावर नंबर, नाव, कधी रक्तगट, धर्म असतो. १९४९ च्या जिनिव्हा करारात म्हटलंय की बिल्ला दुहेरी असेल तर अर्धा देहाबरोबरच ठेवायचा आणि अर्धा नोंदीसाठी काढून घ्यायचा. जोडीला नोंद हवी की कोण, केव्हा, कुठे, कशाने मेला आणि कुठे पुरला.

बिल्ला किती टिकतो? मे १९८४ मध्ये सियाचिनवर १९ कुमाऊं पलटणीचे जवान हिमकड्याखाली गाडले गेले. त्यातल्या एकाचा देह ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या बंकरपाशी सापडला, ३८ वर्षांनी. बिल्ल्यावरचा नंबर वाचून ओळख पटली आणि हल्द्वानीला त्याच्या घरी नेऊन लष्करी इतमामात अग्नी दिला गेला.

बिल्ला नसला की अवघड. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये खोदकामात दोन भारतीय सैनिकांचे अवशेष मिळाले. गणवेशावरच्या खुणेवरून ते ३९ गढवाल रायफल्सचे होते एवढं कळलं, नावं नाही. २०१७ मध्ये त्यांना लाव्हंटीच्या लष्करी दफनभूमीत मानाने पुरलं. होय, तेच लाव्हंटी. ग्लॅडस्टनचा नातू तिथून दहा दिवसांत घरी पोचला होता.

आता डीएनए आहे, पण त्यालाही 'ऑफिसातली प्रत' लागते. म्हणजे आई, बाप, भाऊ यांच्यापैकी कुणाचा तरी नमुना. एकट्या मृताच्या नमुन्यावरून नाव कळत नाही. म्हणून परदेशात बेपत्ता झालेल्याच्या घरच्यांकडून रक्त किंवा लाळ घेऊन ती तिकडे पाठवावी लागते. हे काम गावात बसून आपोआप होत नाही, कुणी तरी मागे लागावं लागतं.

कायदा काय सांगतो?

थोडक्यात सांगतो, कारण इथे कलमं पुष्कळ आणि दात कमी.

जिनिव्हा करार म्हणतो: लढाईनंतर मृतांना शोधा, लुटू देऊ नका, ओळख पटवा, शक्यतो एकेकट्याला आणि त्याच्या धर्माप्रमाणे निरोप द्या. दहन मात्र धर्मामुळे किंवा आरोग्याच्या सक्तीमुळेच करा. १९७७ च्या पुरवणी करारात याच्या पुढची पायरी आहे. आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा कुटुंबाला हक्क आहे, आणि अवशेष परत द्यायची सोय दोन्ही बाजूंनी करावी. भारताने मूळ करार स्वीकारलेत, ही पुरवणी नाही.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर दोन शत्रुराष्ट्रं होती. अमुक देशाचा मृत तमुक देशाच्या हाती लागला तर काय, असा तो विचार. भारतीय नागरिक रशियाच्या गणवेशात मेला तर तो रशियाचा 'स्वतःचा' मृत ठरतो. तिथे भारताचा हात कायद्यापेक्षा ओळखीपाळखीवर, म्हणजे दोन सरकारांच्या संबंधांवर जास्त चालतो. देह युक्रेनच्या ताब्यातल्या जमिनीवर पडला असेल, तर आधी युक्रेन तो अदलाबदलीत रशियाला देणार आणि मग रशिया आपल्याला. माल वाटेत दोनदा गाडी बदलतो म्हणा ना. २०२५ च्या जूनमध्ये इस्तंबूलच्या बोलणीनंतर रशियाने युक्रेनला ६ हजारांहून जास्त देह काही दिवसांत, टप्प्याटप्प्याने दिले, रेफ्रिजरेटरच्या डब्यांतून. एवढ्यांची ओळख पटवायला किती दिवस लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. त्या ढिगात एखादा परदेशी असला तर त्याच्या घरचा नमुना कुणाकडे आहे?

रशियातून खान्देशात: कागदांचा रस्ता

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले होते. रशियाच्या सैन्यात १२६ भारतीय गेल्याची तोपर्यंतची नोंद, त्यातले ९६ सुटून परत आले, १२ मेले आणि उरलेल्या १८ पैकी १६ जणांचा ठावठिकाणा रशियालाच माहीत नव्हता. बातमीत सगळ्यांचं लक्ष १२ वर गेलं. माझं १६ वर अडकलं. ते का, हे पुढे येईल.

पार्थिव निघतं तेव्हा एवढं लागतं: तिथला मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर, देह टिकवण्यासाठी रसायन भरल्याचा दाखला, पेटी सीलबंद केल्याचा दाखला, आपल्या दूतावासाचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि घरच्यांची लेखी संमती. पेटीला आतून जस्ताचा पत्रा असतो आणि तो झाळलेला असतो. भारतात उतरताना विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी २०२३ पासून 'ई-केअर' नावाचं पोर्टल आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर दूतावासाकडे २००९ पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून वाहतुकीचा खर्च करता येतो. तक्रार नोंदवायला 'मदद' पोर्टल आहे. यातलं बरंचसं आखातात वारलेल्या कामगारांच्या निमित्ताने बसवलेलं आहे, लढाईसाठी नाही. पण रस्ता तोच.

मुंबईला पेटी उतरली की पुढे ॲम्ब्युलन्सने कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत धुळ्यापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर. गावात तोवर मंडप पडलेला असतो, दारावर येणाऱ्या बायांची रीघ लागलेली असते.

इथे एक पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका गावात आपल्याच सैन्यातल्या जवानाचं पार्थिव आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडूच्या माळा, भोंग्यावर देशभक्तीची गाणी, मोबाइल वर धरलेले हजारभर हात. पेटी ओट्यावर ठेवली आणि त्याची आई पेटीच्या झाकणावरचे स्क्रू बोटांनी चाचपू लागली, एकेक. चार कोपरे, मधले दोन. सोबत आलेल्या सुभेदाराने खाली बसून तिच्या कानात काही तरी सांगितलं. तिने हात मागे घेतला आणि पदराने पेटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

परदेशातून येणाऱ्या पेटीच्या बाबतीत हेच दहापट. महिने उलटलेले असतात, तोंड बघू द्यायची सोय नसते. मग आत आपलाच माणूस आहे याचा पुरावा एकच, कागद. म्हणून कागदाला मी एवढा जीव लावतोय.

"पैशासाठी गेला, त्याला शहीद कसं म्हणायचं?"

मामांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि गावोगाव हाच निघतो.

पहिली गोष्ट, 'शहीद' हा सरकारी दर्जाच नाही. संरक्षण मंत्रालयाने संसदेतही सांगितलंय की आपल्या सैन्यासाठीसुद्धा हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही. आपण तो आदराने लावतो, तेवढंच. दुसरी, तिरंगा. तो शासकीय इतमामातल्या किंवा सैन्य आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारातच पेटीवर घालता येतो. परक्या फौजेत मेलेल्यावर हौशीने घातला तर तो कायद्याचा भंग ठरतो, हे गावातल्या उत्साही पोरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिसरी गोष्ट, 'भाडोत्री' शब्द. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या व्याख्येत लढणाऱ्या देशाच्या सैन्यात रीतसर भरती झालेला माणूस भाडोत्री ठरत नाही. भारतीय फौजेतले नेपाळचे गोरखे घ्या. ते नेपाळचे नागरिक, आपल्यासाठी लढतात, १९४७ च्या त्रिपक्षीय करारापासून हे चालू आहे. त्यांना कुणी भाडोत्री म्हटलं तर आपल्याला राग येईल, यायलाच हवा. रशियात गेलेल्यांत फरक असा की त्यांच्यापैकी अनेकांना काम काय आहे हेच खोटं सांगून नेलं होतं. याबद्दल सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला आणि त्या एप्रिलपासून भारतीयांची भरती थांबवल्याचं रशियाच्या दूतावासाने जाहीर केलं.

आणि खरं सांगू? पैशासाठी गेला म्हणजे काय? आपल्याकडे भरतीसाठी पळताना धापा टाकणारी सगळी पोरं पगाराचा विचार करूनच पळतात, आणि त्यात वाईट काही नाही.

"मेल्यावर नागरिकत्व देऊन काय उपयोग?"

काही देश परक्या सैनिकाला मरणानंतर नागरिकत्व देतात. होजे अंतोनियो गुतिएरेझ हा ग्वाटेमालाचा अनाथ पोरगा लहानपणी उत्तरेकडे निघाला, अमेरिकेत पोचला, मरीन झाला. २१ मार्च २००३ ला इराक युद्धाच्या अगदी सुरुवातीला मारला गेला तेव्हा तो अमेरिकन नागरिक नव्हता. नागरिकत्व मेल्यावर मिळालं. देह ग्वाटेमालाला गेला, बहिणीकडे.

१९९० च्या कायद्याने असं नागरिकत्व द्यायची सोय झाली, पण ते शोभेचं होतं. घरच्यांना त्याने काहीच मिळत नसे. २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि बायको, मुलं, आईबाप यांना त्याच्या आधारे अर्ज करता येऊ लागला. तेव्हा उत्तर असं: नुसता कागद असेल तर उपयोग नाही, मागे राहिलेल्यांना त्याने हक्क मिळत असेल तर आहे.

"एवढा खर्च कशाला? अस्थी आणल्या तर चालत नाही?"

चालतं, आणि बरेचदा तेच शहाणपणाचं असतं. दहनाचा दाखला आणि दूतावासाचं पत्र असलं की कलश विमानात आणणं पेटीपेक्षा पुष्कळ सोपं. आपण तरी आपल्या जवानांना कधीपासून घरी आणतोय? १९६२, १९६५, १९७१ ला बहुतेकांना सीमेवरच अग्नी दिला गेला. १९६२ ला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत पडलेल्या कुमाऊंच्या जवानांचे गोठलेले देह फेब्रुवारी १९६३ मध्ये सापडले, तिथेच चिता पेटल्या. १९९९ च्या कारगिलपासून पार्थिव गावोगाव पोचू लागली. म्हणजे आपण जिला 'पूर्वापार' पद्धत समजतो ती पंचवीसेक वर्षांची आहे.

खरा पेच देहाचा नाही, दाखल्याचा आहे. म्हणून ते १६ जण. मेलेल्याचा दाखला निघतो. बेपत्ता माणसाचा निघत नाही. कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. सात वर्षं कुणालाच खबर नाही असं दाखवलं तर तो मेला असं न्यायालय गृहीत धरतं. तोवर सात-बाऱ्यावर वारसनोंद नाही, विम्याचे पैसे नाहीत, सोसायटीचं कर्ज त्याच्याच नावावर आणि बायको धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. कानबाईच्या सणाला, रोटांना तिने बसायचं की नाही, यावर घरातल्या बाया कुजबुजतात. हा छळ कुठल्या करारात लिहिलेला नाही.

धर्मशास्त्राला ही अडचण ठाऊक होती. देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, त्याला पालाशविधी म्हणतात. आणि असा विधी झालेला माणूस पुढे जिवंत परत आलाच तर त्याचे जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, हेही सांगून ठेवलंय. भटजींकडे सोय आहे. तलाठ्याकडे नाही.

मग घरच्यांनी करायचं काय?

मामांनी बिल्टी पुस्तक उलटं केलं, मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "सांग, लिवतो."

आधी म्हणजे तो जाऊच नये, हे मी सांगितलं. तरी गेलाच, तर पासपोर्टच्या सगळ्या पानांची, व्हिसाची आणि करारनाम्याची प्रत जाण्याआधी घरी हवी. करार रशियन भाषेत असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो पाठवायचा. एजंटाचे नंबर, पैसे दिल्याच्या पावत्या, बँकेचे मेसेज जपून ठेवायचे. अंगावरच्या खुणांची, जुन्या फ्रॅक्चरची आणि दातांची नोंद ठेवायची. फोन बंद झाला तर महिनाभर वाट बघत बसायचं नाही, त्याच आठवड्यात दूतावासाला ईमेल, मदद पोर्टलवर नोंद आणि पोलिसांत तक्रार करायची. डीएनए नमुना द्यायला बाप तयार असेल पण आईला कुणी विचारणार नसेल, तर आईचाही द्यायचा. आणि सही कोण करणार हे घरात आधीच ठरवायचं. सासर एक म्हणतंय, माहेर दुसरं, अशाने तिकडे पेटी शवागारातच पडून राहते.

मामांनी सगळं लिहिलं. खाली रेघ मारली, तारीख टाकली. सवयीने कार्बन आधीच घातलेला होता. वरचं पान टरकन फाडून त्यांनी खिशात घातलं, साडूंकडे न्यायला. खालचं पुस्तकातच राहिलं.

"पोरगा काय म्हणतो?" मी विचारलं.

"आज परत फोन आल्ता म्हने त्या एजंटाचा," मामा म्हणाले, आणि बाहेर गाडीत घड रचणाऱ्या पोरांवर ओरडायला उठले.